आफ्रिकन बटाटा, शेवगा आणि लिव्हरच्या तिकीटखिडक्या

'डिटॉक्स' या शब्दाची मला हल्ली ॲलर्जी आलीये. डिटॉक्स टी, डिटॉक्स वॉटर, दिवाळीनंतर डिटॉक्स, गोव्याहून आल्यावर डिटॉक्स. आमच्या टीममधला एकजण रोज सकाळी बाटलीतून कसलातरी हिरवा रस पितो आणि 'लिव्हर साफ करतोय' म्हणून सांगतो. जसं काही लिव्हर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी आहे, वर्षातून दोनदा आत उतरून घासून काढायची. मी त्याला काही बोलत नाही, कारण माझा कोड रिव्ह्यू त्याच्याकडे असतो :)

पण या वीकेंडला लिहायचंय ते याच लिव्हरबद्दल. गोष्ट आहे आफ्रिकेतली. एचआयव्हीची गोळी, बाजारात जुडी बांधून मिळणारी मुळं-पाला, आणि या दोघांना एकाच दारातून आत घेणारी लिव्हरमधली एन्झाइम्स.

मी सॉफ्टवेअरवाला, माझा काय संबंध? तर गेले काही महिने मी ज्या प्रोजेक्टवर आहे ते प्रिस्क्रिप्शन तपासणारं सॉफ्टवेअर आहे. डॉक्टरनं दोन औषधं लिहिली आणि ती एकमेकांच्या आड येणारी असली की स्क्रीनवर लाल पट्टी येते. क्लायंट दक्षिण आफ्रिकेतला. तिकडच्या एका फार्मासिस्ट बाईंनी कॉलवर सरळ प्रश्न टाकला, की आमचे पेशंट या गोळ्यांबरोबर घरी जे उकळून पितात, त्याचा नियम तुमच्या टेबलमध्ये कुठे आहे? कॉलवर शांतता पसरली. 'विल गेट बॅक टु यू' म्हणून विषय संपवला, आणि मग मी वाचत सुटलो.

आधी थोडं लिव्हरबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शाळेत आपण एन्झाइमला 'विकर' म्हणायचो (एक काना जास्त पडला की विकार व्हायचा). गिळलेली गोळी आतड्यातून रक्तात उतरते आणि ते रक्त बाकी शरीरात जायच्या आधी थेट यकृतात येतं. तिथं दोन टप्प्यांत काम चालतं. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० नावाच्या कुटुंबातली एन्झाइम्स औषधाच्या रेणूवर बहुतेक वेळा ऑक्सिजनचा एक अणू बसवतात. पेटीला कडी बसवावी तसं समजा. दुसऱ्या टप्प्यात वेगळी एन्झाइम्स त्या कडीला ग्लुकुरोनिक ॲसिड नाहीतर सल्फेट अडकवतात, रेणू पाण्यात विरघळायला लागतो आणि लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतो. झालं डिटॉक्स. रोज, फुकट, हिरव्या रसाशिवाय.

नावातल्या ४५० ची एक गंमत आहे. ही प्रथिनं कार्बन मोनॉक्साइडला चिकटली की ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. १९६२ मध्ये ओमुरा आणि सातो या दोन जपानी शास्त्रज्ञांनी त्यावरून 'पी-४५०' असं तात्पुरतं नाव ठेवलं, नंतर नीट नाव देऊ म्हणून. साठ वर्षं होऊन गेली, नाव तेच आहे. 'टेम्प' नावाचं व्हेरिएबल वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमध्ये चाललेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे मनापासून पटेल.

माणसात या कुटुंबाची ५७ जीन्स आहेत, पण औषधांचा बहुतेक भार पाच-सहा जणांवरच पडतो. त्यातला दादा म्हणजे सिप ३ए४. बाजारातल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्मी औषधं या एकट्याच्या हातून जातात. त्याला रेल्वेची तिकीटखिडकी समजा. खिडकीवर कुणी चिल्लरची पिशवी ओतून बसला की मागची रांग तटते, म्हणजे औषध रक्तात साठत जातं आणि डोस जास्त झाल्यासारखा त्रास देतं. याला म्हणतात इनहिबिशन. याच्या उलट, गर्दी वाढतेय असं बघून स्टेशनमास्तरनं चार खिडक्या जादा उघडल्या तर रांग भराभर संपते, म्हणजे औषध काम करायच्या आधीच शरीराबाहेर. हे इंडक्शन. आपल्या पेशीत असा स्टेशनमास्तर खरंच आहे, पीएक्सआर नावाचा रिसेप्टर. परका रेणू दिसला की तो आणखी एन्झाइम बनवायची ऑर्डर काढतो.

इथंच 'लिव्हर फास्ट झालं तर चांगलंच ना' ही समजूत आडवी पडते. लिव्हरला विष आणि औषध असा फरक कळत नाही, त्याला कळतं ते फक्त परकं. कधीकधी तर पहिल्या टप्प्यातूनच विष तयार होतं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग पी-४५० मधून जाताना एक घातक पदार्थ बनतो, तो ग्लुटाथिऑन पकडून ठेवतं म्हणून आपण वाचतो. उलट कोडीनचं मॉर्फीन करायला सिप २डी६ लागतं, ते अडलं तर कोडीन घेऊनही दुखणं तसंच. तेव्हा एन्झाइम वाढलं की तब्येत सुधारली, असा हिशेब इथं चालत नाही.

खाण्यापिण्याच्या वस्तू या खिडकीवर गोंधळ घालू शकतात हे कळलं ते अपघातानं. कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन हे ब्लडप्रेशरचं औषध दारूबरोबर घेतलं तर काय होतं ते तपासत होते. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तात औषध अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं, आणि गुन्हेगार दारू नसून रस निघाला. हे १९८९ मध्ये छापून आलं. मग २००० सालच्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट'मध्ये सेंट जॉन्स वर्ट या युरोपातल्या लाडक्या वनस्पतीबद्दल दोन लेख आले. एकात ती घेतल्यावर इंडिनाविर या एचआयव्हीच्या औषधाचं रक्तातलं एकूण प्रमाण ५७ टक्क्यांनी घसरलेलं. दुसऱ्यात झुरिचमधले हृदय बदललेले दोन रुग्ण. मन उदास म्हणून त्यांनी ही वनस्पती सुरू केली, सायक्लोस्पोरिनची पातळी पडली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. उदासीवरच्या एका चहामुळे!

आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात जागतिक एड्स परिषद भरली. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी. जगातले सगळ्यात जास्त एचआयव्हीबाधित ज्या देशात, त्या देशाचे प्रमुख एचआयव्हीमुळेच एड्स होतो हे सरळ शब्दांत म्हणायला राजी नव्हते. त्यांच्या आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग स्वतः डॉक्टर. त्या लसूण, लिंबू, बीट, ऑलिव्ह तेल आणि 'आफ्रिकन बटाटा' यांचा जाहीर पुरस्कार करायच्या. २००६ मध्ये टोरांटोच्या एड्स परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या स्टॉलवर खरोखरच लसूण, लिंबू आणि बीट मांडून ठेवले होते. गर्भवतींना नेविरापिन द्यावं म्हणून कार्यकर्त्यांना घटनापीठापर्यंत जावं लागलं, तो निकाल २००२ चा. सरकारी दवाखान्यांतून गोळ्या मिळू लागल्या त्या २००४ मध्ये. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की २००० ते २००५ या काळात या दिरंगाईपायी ३ लाख ३० हजारांहून जास्त जीव गेले.

यात आपल्या बाजूचाही एक धागा आहे. त्या काळात या तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा-पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला तीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. दिवसाला एक डॉलर! भारतीय जेनेरिक गोळ्यांनी पुढं आफ्रिका अक्षरशः जगवली. पण त्याचबरोबर एक नवीन प्रश्नही जन्माला आला, ज्याकडे फार कुणी पाहिलं नाही. गोळी मिळतच नव्हती तोवर गोळी आणि मुळी यांची भांडणं व्हायचा सवाल नव्हता. आता एकाच पोटात दोन्ही जाऊ लागली.

आणि मुळी सोडून द्या म्हणणं सोपं नाही. डर्बनला वॉरिक भागात मोठा मुती बाजार आहे. मुती म्हणजे औषध, झुलू भाषेत झाडालाही हाच शब्द. साली, कंद, वाळकी पानं यांचे ढीग घेऊन बायका बसलेल्या असतात. जडीबुटी देणाऱ्याला इन्यांगा म्हणतात, पूर्वजांशी बोलून दुखण्याचं कारण शोधणाऱ्याला सांगोमा. तो तुमच्या भाषेत बोलतो, घरातल्यांची चौकशी करतो, घाई करत नाही. वर्णभेदी सरकारनं १९५७ मध्ये कायदा करून सांगोमांचं काम गुन्ह्यात बसवलं होतं. मग त्याच गोऱ्या सरकारनं बांधलेल्या दवाखान्यातली नर्स जेव्हा 'हे सगळं बंद करा' म्हणते, तेव्हा पेशंट मान डोलावतो आणि घरी जाऊन उकळत ठेवतो. मीही तेच केलं असतं.

आता आफ्रिकन बटाट्याकडे येऊ. हा बटाटा नव्हेच. हायपॉक्सिस हेमेरोकॅलिडिया, चांदणीसारखी पिवळी फुलं येणारी रानटी वनस्पती. तिचा कंद बाहेरून काळपट, आतून पिवळा. दुसरी वनस्पती सदरलॅंडिया, लाल फुलांचं झुडूप, तिकडे 'कॅन्सर बुश' म्हणतात. २००५ मध्ये एडवर्ड मिल्स, इसाडोर कॅन्फर वगैरे मंडळींनी या दोन्हींचे अर्क परीक्षानळीत तपासले आणि निकाल घाबरवणारा निघाला. दोन्ही अर्क सिप ३ए४ ला चांगलेच अडवत होते. आणि त्याच वेळी पीएक्सआरलाही जागं करत होते! म्हणजे तोच माणूस खिडकी अडवून बसलाय आणि तोच स्टेशनमास्तरला फोन करून जादा खिडक्या उघडायला लावतोय. मग रांग वाढेल की संपेल? परीक्षानळी याचं उत्तर देऊ शकत नाही.

तरी इशारा गंभीर होता, कारण एचआयव्हीत दोन्ही बाजूंनी मरण आहे. औषध साठलं तर विषबाधा. औषध कमी पडलं तर आणखी वाईट, अर्धवट औषधात जे विषाणू तगतात तेच वाढतात, आणि मग ती गोळी त्या माणसाला पुन्हा कधी लागू पडत नाही. त्याच्यापासून ज्याला लागण होईल त्यालाही नाही. मंत्रीणबाईंच्या विरोधकांना हा पुरावा आयताच मिळाला. बघा, तुमचा बटाटा नुसता बिनकामाचा नाही, घातकही आहे.

पण गोष्ट इथं संपली नाही, आणि मला सगळ्यात जास्त रस आहे तो पुढच्या भागात, जो फारसा कुणी सांगत नाही. ऱ्होड्स विद्यापीठात, म्हणजे तेव्हाच्या ग्रॅहमस्टाउनमध्ये (२०१८ पासून गावाचं नाव मखांडा), याच कॅन्फर यांच्या गटानं निरोगी माणसांना आफ्रिकन बटाटा पाजला आणि एफाविरेंझ देऊन रक्त तपासलं. २००८ चा निकाल: म्हणण्यासारखा फरक नाही. २०१३ मध्ये झिम्बाब्वेतल्या संशोधकांनी हाच कंद लोपिनाविर-रिटोनाविरबरोबर देऊन पाहिला. फरक नाही.

असं का व्हावं? कंदातला मुख्य पदार्थ हायपोक्सोसाइड. तो जसाच्या तसा रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याची साखर तोडतात आणि रूपेरॉल नावाचा पदार्थ तयार होतो. परीक्षानळीत धुमाकूळ घालू शकणारा भिडू हाच. पण हा यकृतात पोचतो न पोचतो तोच दुसऱ्या टप्प्यातली एन्झाइम्स त्याला सल्फेट आणि ग्लुकुरोनिक ॲसिड चिकटवून टाकतात, आणि खुला रूपेरॉल रक्तात जवळजवळ उरतच नाही. म्हणजे एका डिटॉक्स एन्झाइमवर हल्ला करायला निघालेल्या भिडूला दुसऱ्या डिटॉक्स एन्झाइमनं दारातच गुंडाळलं. (एफाविरेंझची मुख्य खिडकी सिप २बी६ आहे, ३ए४ नव्हे, तेही एक कारण धरावं लागेल.)

सॉफ्टवेअरवाल्यांना हे एका वाक्यात कळेल. परीक्षानळी म्हणजे युनिट टेस्ट. एक फंक्शन वेगळं काढायचं, हवा तो इनपुट हाताने भरायचा, चुकतंय का बघायचं. ती टेस्ट फेल झाली तर दुर्लक्ष करू नये. पण तो इनपुट खऱ्या सिस्टिममध्ये तिथवर पोचतो का, हे इंटिग्रेशन टेस्टशिवाय कळत नाही.

शेवग्याचीही तीच कथा. हो, आपला शेवगा, आमटीतल्या शेंगांचा. मूळ हिमालयाच्या पायथ्याचा, पण झिम्बाब्वेत एचआयव्हीचे रुग्ण त्याच्या पानांची पूड ताकदीसाठी घेतात. २००८ मध्ये तिथल्या संशोधकांना दिसलं की पानांचा अर्क परीक्षानळीत सिप ३ए४ ला अडवतो. त्यांनी नुसता लेख छापून हात झटकले नाहीत. पुढं नेविरापिनवर असलेल्या रुग्णांना दोन आठवडे पूड देऊन, रक्त काढून बघितलं. २०१७ चा निकाल: नेविरापिनच्या पातळीत दखल घ्यावी असा बदल नाही. आमटीवाल्यांनी निश्चिंत राहावं. कॅप्सूलमध्ये कोंबलेला अर्क ही वेगळी वस्तू आहे, तिच्याबद्दल हा निकाल काही सांगत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बघा, उगाच बाऊ केला होता, निसर्गाचं ते सुरक्षितच. थांबा. सदरलॅंडिया अजून बाकी आहे. त्याच ऱ्होड्समध्ये, तशाच निरोगी पुरुषांवर ती अटाझानाविरबरोबर तपासली. २०१३ मध्ये आलेला निकाल: अटाझानाविरची रक्तातली पातळी साधारण पाचव्या हिश्शानं घसरली. परीक्षानळीतल्या इनहिबिशनवरून ती वाढेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात दिशाच उलटी. पुढं २०१५ मध्ये आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली, अजून गोळ्या सुरू न झालेल्या एचआयव्हीबाधितांवर. अर्ध्यांना सदरलॅंडिया, अर्ध्यांना दिसायला तशीच पोकळ कॅप्सूल. सीडी-४ पेशी, विषाणूंची संख्या, कशातच फरक नाही. पण सदरलॅंडिया घेणाऱ्या गटात टीबीचे दोन रुग्ण निघाले, आणि ते दोघंही टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड घेत होते. दोन माणसांवरून सिद्ध काही होत नाही. पण मी त्या जागी असतो तर माझी झोप उडाली असती.

इथिओपियातला खाट हा तिसरा प्रकार. लोक त्याची कोवळी पानं तासन्‌तास चघळतात. निरोगी स्वयंसेवकांवर पाहिलं तर सिप २डी६ चांगलंच मंदावलेलं आढळलं. म्हणजे कोडीनसारख्या औषधांची पंचाईत.

तर एक वनस्पती परीक्षानळीत दोषी, माणसात निर्दोष. दुसरी परीक्षानळीत एका दिशेनं दोषी, माणसात दुसऱ्या दिशेनं. तिसरी माणसातही दोषी. पाच मिनिटांत मत बनवायची सवय लागलेल्या आपल्या पिढीला हे फार गैरसोयीचं आहे. एका तंबूत 'आपल्या मातीतलं, आपल्या पूर्वजांचं' अशी घोषणा, दुसऱ्या तंबूत 'जडीबुटी म्हणजे अडाणीपणा'. दोन्ही तंबूंना रक्ताच्या नमुन्याची गरज वाटत नाही कारण उत्तर आधीच ठरलेलं आहे. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध सिप ३ए४ चं सगळ्यात दांडगं इंड्यूसर, आणि त्याचं मूळ मातीतल्या एका जिवाणूत आहे. त्याला नैसर्गिक म्हणायचं की रासायनिक? यकृताला विचारलं तर ते म्हणेल, मला काय त्याचं, मी खिडक्या उघडतो.

मंत्रीणबाईंच्या लसणीचंही असंच. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लसणीच्या गोळ्या घेणाऱ्या निरोगी माणसांत साक्विनाविर या एचआयव्हीच्या औषधाची पातळी ५१ टक्क्यांनी खाली आली होती. म्हणजे देशाच्या आरोग्यमंत्री ज्या लसणीची शिफारस करत होत्या, तिच्यावरचा कागद तेव्हाही उपलब्ध होता. मार्च २००७ मध्ये बाईंचं स्वतःचं यकृत बदलावं लागलं. असं प्रत्यारोपण झालेल्यांना जन्मभर घ्यावी लागणारी टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही औषधं सिप ३ए४ वरच अवलंबून असतात. २००९ मध्ये त्या गेल्या. यावर टोमणा मारायचा मोह मी आवरतो, पण वाचताना अंगावर काटा आला हे खरं.

माझा राग दोघांवर सारखा नाही, हेही सांगून टाकतो. सत्तेत बसून लोकांना गोळीपासून लांब ठेवणं हा गुन्हा वेगळ्या प्रतीचा. त्याची बरोबरी कुठल्या प्रयोगशाळेच्या घाईच्या निष्कर्षाशी होणार नाही. पण दुसऱ्या बाजूनंही एक सोपी पळवाट काढली. परीक्षानळीतला इशारा पुढं करून 'सगळंच बंद करा' सांगितलं की पुन्हा तपासायचं काम वाचतं. आणि बंद तर कुणी करत नाही, फक्त सांगणं बंद करतात. मग डॉक्टरसमोर विषाणू वाढलेला रिपोर्ट येतो, तो म्हणतो गोळ्या चुकवल्या असणार, पेशंट म्हणतो एकही चुकवली नाही. दोघंही खरं बोलत असू शकतात.

आमच्याच स्क्रीनचं बघा. औषधांना कोड आहेत, ड्रॉपडाउन आहे, प्रत्येक जोडीसाठी नियम आहे. ग्रेपफ्रूटलाही ओळ आहे, सेंट जॉन्स वर्टलाही आहे, कारण ती ज्यांच्या फ्रिजमध्ये आणि कपाटात असतात त्यांच्यावर अभ्यास झाले. हायपॉक्सिस, सदरलॅंडिया यांच्यासाठी 'इतर' नावाचा एक रिकामा चौकोन, ऐच्छिक, आणि त्यात लिहिलेलं कुठलाही नियम वाचत नाही. स्पेसिफिकेशन तसंच आलंय. मी बदल सुचवलाय. मॅनेजर म्हणाला, डेटा कुठाय? त्याचंही बरोबर आहे. पाच-सात वनस्पती, पाच-सात औषधं, एवढंच टेबल करायचं म्हटलं तरी बहुतेक रकाने रिकामे निघतात, आणि रिकाम्या रकान्याला स्क्रीनवर हिरवा रंग येतो. माझा आक्षेप त्या हिरव्या रंगाला आहे. तिथं करडा हवा.

भरायचं काम अशक्यही नाही. वर सांगितलेल्या चाचण्या हजारो माणसांच्या नव्हत्या. मोजके स्वयंसेवक, काही आठवडे, ठरल्या वेळी रक्त, आणि औषध मोजणारं यंत्र. मखांडा, हरारे इथल्या लोकांनी ते करून दाखवलंय. मात्र ते तिथंच व्हायला हवं, कारण माणसंही सारखी नसतात. एफाविरेंझ पचवणाऱ्या सिप २बी६ ची एक मंद आवृत्ती आफ्रिकेत बऱ्याच लोकांत असते. झिम्बाब्वेनं २०१५ मध्ये सगळ्यांना एफाविरेंझचा ठरलेला ६०० मिलिग्रॅम डोस असलेली गोळी द्यायला घेतली, तेव्हा अनेकांना भ्रम, भयानक स्वप्नं असा त्रास झाला. हरारेत औषध आणि जीन्सवर काम करणारी संस्था उभारणारे कोलेन मासिमिरेम्ब्वा याबद्दल आधीपासून सांगत होते. युरोपातल्या सरासरी माणसाच्या यकृतावर ठरवलेला डोस हरारेच्या यकृताला जड गेला. त्यात कुणी एखादा पाला वर घेत असेल तर गणित आणखी बदलणार.

२०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना डोल्युटेग्राविर ही गोळी आधी द्या म्हणते. तिचा मुख्य भार दुसऱ्या टप्प्यातल्या यूजीटी १ए१ या एन्झाइमवर, सिप ३ए४ वर थोडाच. त्यामुळे जुनी काळजी बरीच हलकी झाली, हे मान्य. पण टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं, म्हणजे जोरदार इंड्यूसर तिलाही पळवतो. आणि जुन्या गोळ्यांवर केलेले अभ्यास नव्या गोळीला आपोआप लागू होत नाहीत. रकाने पुन्हा रिकामे.

आता तर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर हे इंजेक्शन आलंय. एचआयव्ही होऊच नये म्हणून अमेरिकेत त्याला जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली, आणि हैदराबादच्या दोन कंपन्यांनी ते २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या आसपास द्यायचं जाहीर केलंय. म्हणजे पुन्हा आपल्याकडून औषध, तिकडे पोट. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की सिप ३ए वाढवणाऱ्या औषधांनी त्याची पातळी खाली येते आणि जादा डोस लागू शकतो. गोळी असती तर माणूस निदान रोज सकाळी ती हातात घेऊन विचार तरी करेल, की काल काय प्यायलो. इंजेक्शन टोचून घेतलेली बाई सहा महिने निर्धास्त असणार. या सहा महिन्यांत ती खोकल्यासाठी, पोटासाठी, बाळंतपणानंतर ताकदीसाठी वॉरिकच्या बाजारातून काय काय घरी नेईल, त्याची निदान पहिली दहा नावं आत्ताच काढावीत आणि इंजेक्शनच्या खोक्यांबरोबर रक्त तपासायचे पैसेही मंजूर करून घ्यावेत. २०२७ काही लांब नाही. त्या फार्मासिस्ट बाईंना मी ईमेलमध्ये एवढंच विचारलंय, की तुमच्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येणारी दहा नावं कुठली. सोमवारी कॉल आहे.